मराठीत लिहून पैसे मिळवायचे तर सुरुवात कुठून करावी?

'मराठी कंटेंट रायटर पाहिजे, घरबसल्या काम' अशी जाहिरात फेसबुकवर किंवा टेलिग्रामवर पडली की तिच्याखाली 'इंटरेस्टेड', 'डिटेल्स पाठवा' यांची रांग लागते. रांगेतला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत असतो, की मला मराठी लिहिता येते. मग निवड पैशांवरच होते आणि काम सर्वांत कमी मागणाऱ्याकडे जाते. नवीन माणसाला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. मी मात्र त्याला या रांगेपासून लांब राहायला सांगते.

मराठी मजकुराला पैसे मोजणारे लोक आहेत आणि बरेच आहेत. पण त्यांतले बहुतेक जण जाहिरात देत नाहीत, कारण आपल्याला लेखकाची गरज आहे हेच त्यांच्या डोक्यात आलेले नसते. पतसंस्थेला सभासदांपर्यंत पोचायचे असते, बियाणे कंपनीला शेतकऱ्यापर्यंत, डॉक्टरांना पेशंटपर्यंत, यूट्यूब चॅनेलला प्रेक्षकांपर्यंत. तो मजकूर सध्या कुणीतरी कसाबसा उरकत असते. कधी ऑफिसातला क्लार्क, कधी डीटीपी करणारा, कधी मालकांचा भाचा, आणि आता चॅटजीपीटी. तुमचे पहिले पैसे देणारे काम बहुधा अशाच एखाद्या ठिकाणी आहे. तिथे कसे पोचायचे आणि केलेल्या कामाचे पैसे कसे वसूल करायचे, ते क्रमाने सांगते.

१. आधी एक क्षेत्र धरा

'मी सगळ्या विषयांवर लिहितो' असे सांगणाऱ्याला काम देताना समोरच्याला धाकधूक वाटते. याउलट 'मी पतसंस्थांचे अहवाल आणि माहितीपत्रके लिहिते' म्हटले की त्याला लगेच उलगडते. क्षेत्र निवडताना आवडीपेक्षा ओळखीकडे बघा. घरी शेती असेल, आई परिचारिका असेल, तुम्ही दोन वर्षे विमा विकला असेल, तर त्या जगातले शब्द, तिथल्या अडचणी आणि लोकांचे प्रश्न तुम्हाला आधीच माहीत असतात. ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

सहकाराचे उदाहरण बघा. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे नागरी बँका, पतसंस्था, दूध संघ यांचे मराठी वार्षिक अहवाल जुलै ते सप्टेंबर या काळात तयार होतात. अध्यक्षांचे मनोगत, योजनांची माहिती, सभासदांसाठीच्या सूचना हा सगळा मजकूर दरवर्षी लागतो आणि बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीचीच पाने तारखा बदलून छापली जातात. मे-जूनमध्ये योग्य माणसाला योग्य पत्र गेले तर इथे काम मिळू शकते, आणि काम आवडले तर पुढच्या वर्षी तुमचाच फोन वाजतो. ताळेबंदाच्या आकड्यांना मात्र हात लावायचा नाही. ते लेखापरीक्षकांचे क्षेत्र.

शेतीत पेरणीच्या आधी आणि रब्बीच्या तोंडावर पत्रके, व्हॉट्सॲप संदेश, व्हिडिओच्या संहिता यांची घाई असते. इथे लिहायला घेण्याआधी एक शिस्त लावून घ्या. औषधाचे प्रमाण, पाण्याचे प्रमाण, फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस हे डब्यावरच्या लेबलवरून किंवा राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतूनच घ्यायचे. अंदाजाने लिहिलेल्या एका ओळीने कुणाचे तरी पीक जाऊ शकते. आरोग्याचा मजकूर लिहिणाऱ्याला १९५४चा औषधांच्या आणि जादूटोणावजा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना चाप लावणारा कायदा ठाऊक हवा. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात त्यात गुन्हा ठरते, आणि ते लिहायला सांगणारे ग्राहक भेटतात. बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक त्यात असावाच लागतो. अशा चार-पाच गोष्टी माहीत असल्या की ग्राहक तुमच्याकडे केवळ लिहून देणारा म्हणून बघत नाही. तुम्ही त्याला अडचणीतून वाचवता, आणि त्याचे पैसे जास्त मिळतात.

सामाजिक संस्थांचे अहवाल आणि प्रशिक्षण-पुस्तिका, पर्यटन कंपन्यांची सहलपत्रके, यूट्यूबच्या संहिता, कुकू एफएमसारख्या ऑडिओ ॲपसाठी मालिकांचे भाग, ही आणखी काही दारे. कथा लिहिणाऱ्यांना प्रतिलिपी जवळची वाटते. वाचक मिळवायला आणि नियमित लिहायची सवय लावायला ती चांगली जागा आहे, पण पहिल्या महिन्यांतला घरखर्च तिच्यावर टाकू नका. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंकांबद्दलही माझे हेच मत. तिथे नाव होते, लेखणीला धार येते, मानधन थोडे असते आणि सावकाश येते. ते जरूर करा, फक्त त्यावर हिशेब मांडू नका.

२. हत्यारे: टंकलेखन, नियम, कोश

मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच हवे, म्हणजे अक्षरे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर तशीच दिसतात. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक शिकलात तर उत्तम. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो आणि थोड्याच आठवड्यांच्या सरावात हात बसतो. रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारी साधने सुरुवातीला सोपी जातात, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांच्यातूनच सर्वाधिक शिरतात. 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' यांतला अर्धा र आणि 'ॲप', 'बँक' यांतली चंद्रकोर नीट उमटते का हे तपासा. छापखान्यांत अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे रूपांतरित होताना नेमकी हीच अक्षरे मोडतात. म्हणून छपाईचे काम असेल तर पानांची जुळणी झाल्यावरची पीडीएफ वाचायला मागा आणि ते वाचन दरात धरा. ही एक सवय तुम्हाला इतर नवख्यांपेक्षा वेगळे ठेवील.

लेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. सगळे मिळून अठराच नियम आहेत. एका रविवारी वाचून होतात. ते पाठ करण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या चुकांची यादी करून टेबलासमोर लावणे जास्त उपयोगी.

शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन मोफत आहेत. बँकिंग, कृषी, कायदा, लेखा अशा विषयांचे वेगवेगळे कोश एकाच ठिकाणी शोधता येतात. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि मराठी विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो. परिभाषा कोशातला शब्द मात्र जसाच्या तसा उचलून वाचकाच्या गळी उतरवू नका. गावच्या पतसंस्थेत सभासद 'ओव्हरड्राफ्ट' म्हणत असतील तर पत्रकातही ओव्हरड्राफ्टच लिहायचे.

३. तीन नमुने, तेही कामाचे

'अनुभव नाही, तर नमुना कुठून आणू?' हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. नमुना छापून आलेला असावाच लागतो असे नाही. तो चांगला असावा लागतो आणि ज्या प्रकारचे काम हवे आहे त्याच प्रकारचा असावा लागतो. कविता आणि ललित लेख पाठवून पतसंस्थेचे काम मिळत नाही.

धरलेल्या क्षेत्रातली खरी, सर्वांना उपलब्ध असलेली, पण वाचायला जड अशी तीन पाने शोधा. एखाद्या योजनेचे माहितीपत्रक, एखाद्या ॲपचा मराठी मजकूर, एखाद्या संस्थेचा अहवाल. प्रत्येकातला एक भाग नव्याने लिहा. मूळ आणि नवीन शेजारी-शेजारी ठेवा आणि खाली दोन ओळींत सांगा की काय बदलले व का. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर करण्यात आलेला असून त्यावर लवकरच कार्यवाही करण्यात येईल' याच्या जागी 'तुमचा अर्ज आमच्याकडे पोचला. सात दिवसांत आम्ही फोन करू' असे लिहिले, तर कुठलेही प्रमाणपत्र न दाखवता तुमचे कसब समोरच्याला दिसते. (सात दिवस हा आकडा अर्थात संस्थेला विचारूनच लिहायचा.)

हे तीन नमुने एका गूगल डॉकमध्ये ठेवा, दुवा कुणालाही उघडता येईल असा करा, आणि मोबाइलवर तो कसा दिसतो ते पाहा, कारण समोरचा माणूस बहुधा मोबाइलवरच उघडणार आहे. लिंक्डइनवर पान तयार करा आणि नावाखाली 'लेखक' एवढेच न लिहिता कोणासाठी काय लिहिता ते लिहा. स्वतःची वेबसाइट, लोगो, व्हिजिटिंग कार्ड यांवर आत्ता खर्च करू नका.

प्रसिद्ध झालेला एक लेख पदरात असावा असे वाटत असेल तर एखाद्या छोट्या सामाजिक संस्थेचे एक काम विनामूल्य करा. फक्त ते एकच आणि तुम्ही स्वतः निवडलेले. 'पुढे मोठे काम देतो' म्हणून आधी दहा लेख फुकट मागणाऱ्याला नकार द्या. चाचणी म्हणून दोन-तीनशे शब्द लिहून देणे रीतीला धरून आहे. हजार शब्दांची चाचणी हे काम असते आणि त्याचे पैसे ठरवूनच ते हातात घ्यायचे.

४. दार ठोठावणे

इथे सगळे अडखळतात. संकोच वाटतो, 'ते काय म्हणतील' असे होते. पण ग्राहकाच्या बाजूने बघा. त्याच्याकडे रोज फुगवलेल्या जाहिरातींचे ईमेल येतात. स्वतःचाच अहवाल वाचून, त्यातला एक परिच्छेद सुधारून पाठवणारे पत्र त्याला वर्षात एकदाही येत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या तीस संस्थांची यादी करा. प्रत्येकीचे संकेतस्थळ उघडा, तिथला मराठी मजकूर वाचा, आणि जिथे आपण खरोखर काही चांगले करू शकतो अशाच ठेवा. उरलेल्यांना एकेक करून लिहा. एकच पत्र सगळ्यांना पाठवलेले लगेच ओळखू येते. पतसंस्थेसाठी असे लिहिता येईल:

'मा. व्यवस्थापक साहेब, सप्रेम नमस्कार. आपल्या संस्थेचा गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर वाचला. सोनेतारण कर्जाची माहिती सभासदाला एका वाचनात समजावी अशा रीतीने मी नव्याने लिहून पाहिली आहे, सोबत जोडते. आकडे आणि अटी मूळच्याच ठेवल्या आहेत. सहकारी संस्थांचे अहवाल आणि माहितीपत्रके मराठीत लिहून व तपासून देण्याचे काम मी करते. यंदाच्या अहवालाची तयारी सुरू होण्याआधी आपल्याशी पाच मिनिटे फोनवर बोलता आले तर बरे होईल. कोणत्या वेळी फोन करू?'

यात कुठेही 'संधी द्यावी ही नम्र विनंती' नाही, आणि मूळ अहवालाला नावे ठेवलेली नाहीत. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. तो अहवाल ज्याने लिहिला तोच माणूस तुमचे पत्र उघडणार असतो.

आठवडाभर उत्तर आले नाही तर एकदा फोन करा किंवा दोन ओळींची आठवण पाठवा. त्यानंतर विषय सोडा. बहुतेकांचे उत्तर येणार नाही, आणि त्याचा तुमच्या लिहिण्याशी फारसा संबंध नसतो. कुणाचा अहवाल छापायला गेलेला असतो, कुणाच्या संचालक मंडळात निवडणूक असते. यादीत दर आठवड्याला नवी नावे टाकत राहणे एवढेच आपल्या हातात.

एक आडवाट सांगते. गावोगावचे डीटीपी करणारे, छापखाने, छोट्या जाहिरात एजन्सी आणि व्हिडिओ बनवणारे यांच्याकडे ग्राहक रोज येतात, पण मजकूर नीट नसतो. 'मजकुराचे मी बघते, तुम्ही जुळणीचे बघा' असे त्यांना सांगितले तर त्यांचा वेळ वाचतो. पुण्या-मुंबईतल्या भाषांतर एजन्सींनाही असेच लिहा. त्या दर कमी देतात, पण काम सातत्याने देतात, आणि तिथले संपादक तुमच्या चुका दाखवून देतात. पहिल्या वर्षी ही शिकवणी मोलाची असते.

५. अपवर्क, फायव्हर आणि इतर

ग्राहक आणि काम करणारे ऑनलाइन जिथे भेटतात अशा या परदेशी मंचांवर मराठीला मागणी आहे, पण ती निव्वळ लेखनापेक्षा भाषेच्या कामांना जास्त आहे. उपशीर्षके, ध्वनिमुद्रणावरून लेखन, ॲपचे मराठीकरण, यंत्राने केलेल्या भाषांतराची दुरुस्ती, एआयच्या मराठी उत्तरांचे मूल्यमापन. अपवर्कवर प्रत्येक प्रस्तावासाठी 'कनेक्ट्स' (प्रस्ताव पाठवायला लागणारी टोकन) खर्च होतात, म्हणून दिसेल त्या कामावर ते उधळू नका. फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के कापते आणि नव्या विक्रेत्याला काम पूर्ण झाल्यावर पैसे हाती यायला १४ दिवस लागतात. दर ठरवताना या दोन्ही गोष्टी धरा. भाषांतराकडे ओढा असेल तर प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावर माहिती भरून ठेवा. तिथे काम देणाऱ्या एजन्सींबद्दल अनुवादकांनी लिहिलेले अनुभव वाचायला मिळतात, आणि कुठलेही काम स्वीकारण्याआधी ते वाचावेत.

सुरुवातीला मंचाबाहेर व्यवहार करू नका. 'आपण व्हॉट्सॲपवर बोलू, थेट पैसे देतो' म्हणणाऱ्याबरोबर गेलात तर मंचाचे संरक्षणही गेले आणि खातेही बंद होऊ शकते.

एआयबद्दल स्पष्ट बोलायला हवे. वरवरचा, कुठलाही विषय घेऊन केलेला मजकूर आता यंत्र क्षणात देते. तसल्या कामाचे दर पडले आहेत आणि ते परत चढतील असे मला वाटत नाही. पण यंत्राची मराठी अजूनही अवघडलेली असते, माहिती खोटी असू शकते, आणि सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला काय टोचते ते यंत्राला ठाऊक नसते. यंत्राचा मजकूर सुधारून देण्याचे काम घ्या, फक्त त्याचा दर शब्दांवर न लावता तासांवर लावा, कारण कधी कधी सगळे पुन्हा लिहावे लागते. तुम्ही स्वतः यंत्र वापरणार असाल तर ग्राहकाला आधी सांगा, आणि त्याची अप्रकाशित कागदपत्रे त्याला न विचारता कुठल्याही ॲपमध्ये टाकू नका.

६. दर

दर कागदावर मांडून काढायचा, मनाला वाटेल तो आकडा सांगायचा नाही. समजा हजार शब्दांचा लेख आहे. माहिती गोळा करायला दोन तास, लिहायला तीन, सुधारायला एक, ग्राहकाशी बोलणे आणि बदल यांत एक. झाले सात तास. तासाला किमान १५० रुपये सुटले पाहिजेत असे तुम्ही ठरवले, तर लेखाचे १,०५० रुपये होतात, म्हणजे शब्दाला साधारण एक रुपया. आता जाहिरातीतला 'शब्दाला २० पैसे' हा दर याच लेखाला लावा. २०० रुपये मिळतील, तासाला २९ रुपयेही पडणार नाहीत. असा हिशेब समोर असला की नाही म्हणणे सोपे जाते.

१५० हा आकडा फक्त उदाहरणासाठी. तुमचा आकडा तुमच्या घरखर्चातून, विजेच्या-इंटरनेटच्या बिलातून आणि महिन्यात खरोखर किती तास लिहू शकता यातून निघेल. पत्रे लिहिणे, फोन करणे, बिले करणे यांचे तास कुणी देत नाही, हेही त्यात धरा. पहिली काही कामे वेळेची नोंद ठेवून करा. अंदाज किती चुकतो ते कळते.

लेखाला शब्दांवर दर ठीक आहे. घोषवाक्य, पत्रक, व्हिडिओची संहिता यांना मात्र संपूर्ण कामाचा एकच दर सांगा. चाळीस शब्दांच्या पत्रकाला चाळीस रुपये मागणे म्हणजे दोन दिवसांची मेहनत फुकट घालवणे आहे.

आपल्याकडे पैशांचा विषय काढायला जीभ जड होते. ओळखीतून आलेले काम असेल तर जास्तच. 'तुमचे बघून घेऊ' एवढ्यावर काम सुरू होते आणि शेवटी दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते. पहिल्याच संभाषणात, काम समजून घेतल्यावर लगेच म्हणा: 'याचे एवढे होतील, निम्मे सुरुवातीला आणि निम्मे मजकूर दिल्यावर.' संपादकांशी बोलताना 'मानधन किती आणि साधारण कधी मिळेल?' असे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगले संपादक याचे सरळ उत्तर देतात.

७. काम सुरू करण्याआधी लेखी

मोठा करार नसला तरी चालेल, पण ईमेल हवा. फोनवर बोलणे झाले की तुम्हीच लिहा: काय लिहायचे, किती शब्द, कधी द्यायचे, किती वेळा बदल करून मिळतील (दोनदा, हे पुरेसे), एकूण रक्कम, आगाऊ किती, उरलेली किती दिवसांत, आणि लेखावर नाव कुणाचे. शेवटी 'यात काही बदल असल्यास कळवावे, अन्यथा होकार कळवावा.' होकार आल्याशिवाय लिहायला बसू नका.

मालकी हक्काची एवढी माहिती प्रत्येक नव्या लेखकाला असावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही कुणाच्या नोकरीत नसाल तर तुमच्या मजकुराचे पहिले मालक तुम्ही असता. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पत्रक किंवा जाहिरातीचे सगळे हक्क देऊन टाकायला हरकत नाही, तिथे त्यांचा तुम्हाला दुसरा उपयोग नसतो. कथा आणि ऑडिओ मालिका यांचे तसे करू नका. 'सर्व माध्यमांसाठी, सर्व भाषांत, कायमचे' हे शब्द कराराच्या पोटात असतात. त्यातून पुढे पुस्तक, मालिका, चित्रपट सगळे जाते. ते शब्द बदलून मागा, किंवा त्याची वेगळी किंमत मागा.

दुसऱ्याच्या नावाने लिहित असाल तर तो नमुना पुढच्या ग्राहकाला दाखवता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

८. फसवणूक

नियम एकच पाळला तरी बरेच वाचाल: काम देणारा पैसे मागत नाही. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, अनामत, सॉफ्टवेअरचे पैसे यांतला कुठलाही शब्द आला की संभाषण तिथेच संपवा.

टायपिंगच्या कामात एक वेगळा फास आहे. ऑनलाइन करारावर सही घेतात, अस्पष्ट पानांचा गठ्ठा पाठवतात, थोड्या दिवसांत जवळपास निर्दोष टंकलेखनाची अट घालतात. काम अर्थातच पूर्ण होत नाही. मग 'वकील' म्हणवणाऱ्याचा फोन येतो, करारभंगाची नोटीस येते, कोर्टाची भीती घालून रक्कम मागितली जाते. घाबरून पैसे भरू नका आणि लाजून गप्प बसू नका. फोन, संदेश, करार सगळे जपून ठेवा, घरच्यांना सांगा आणि तक्रार करा. सायबर गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० आहे. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते अडवले जाण्याची शक्यता जास्त. टेलिग्रामवर 'लाइक करा, रिव्ह्यू लिहा, कमवा' म्हणणारे सुरुवातीला थोडे पैसे खरेच देतात आणि मग 'टास्क'साठी भरायला लावतात. त्याचा लेखनाशी काहीही संबंध नाही.

९. बिल, वसुली, कर

मजकूर पाठवताना त्याच दिवशी बिल पाठवा. तुमचे नाव-पत्ता, पॅन, बिल क्रमांक, तारीख, कामाचे वर्णन, रक्कम, बँकेचा तपशील आणि 'देय दिनांक'. देय दिनांक नसलेले बिल फायलीत पडून राहते.

पुढची गोष्ट फार थोड्या लेखकांना माहीत असते, म्हणून सविस्तर सांगते. लेखन ही सेवा आहे आणि तुम्ही एकटे असलात तरी सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करू शकता. आधार आणि पॅनवर ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे आहेत, ती टाळा. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची आयकरातली वजावट मिळत नाही. म्हणून कंपन्यांचे हिशेब विभाग आता स्वतःहून उद्यम क्रमांक विचारतात. नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवा आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

पैसे थकले तर आधी साधी आठवण, मग बिल जोडून ईमेल, मग व्यवस्थापकांच्या वरच्या माणसाला फोन. तरीही नाही आले तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बहुतेकदा तक्रार करण्याची वेळ येत नाही. कायद्याचा सभ्य उल्लेख असलेला एक ईमेल पुरतो. दरम्यान त्या ग्राहकाचे नवे काम घेऊ नका.

भारतीय कंपनीकडून एका आर्थिक वर्षात व्यावसायिक शुल्क म्हणून ५० हजारांपेक्षा जास्त मिळाले तर ती १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापते. काही जण हे कंत्राटी काम धरून १ टक्का कापतात. पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते. ही रक्कम बुडत नाही. आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली ती दिसते आणि विवरणपत्र भरले की देय करातून वजा होते, जास्तीची परत मिळते. म्हणून उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे, त्यामुळे सुरुवातीला तिची चिंता नको.

परदेशातून पैसे येणार असतील तर पेपाल किंवा पायोनिअर चालते. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले अंतर्गत व्यवहार बंद केले आहेत, ते फक्त परदेशी ग्राहकासाठी. पैसे आल्याचा बँकेचा किंवा सेवेचा दाखला प्रत्येक वेळी उतरवून ठेवा. लेखनाच्या पैशांसाठी वेगळे बचत खाते उघडले की विवरणपत्र भरताना कुठली रक्कम कशाची हे शोधत बसावे लागत नाही.

आणि पहिले बिल वसूल झाले की त्याच आठवड्यात त्या ग्राहकाला विचारा की तुमच्या ओळखीत आणखी कुणाला असे काम लागते का. पतसंस्थांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखतात, डॉक्टरही ओळखतात, कृषी सेवा केंद्रवाले तर नक्कीच. तीस नावांच्या यादीतून मिळालेले पहिले काम दुसऱ्या कामाकडे बहुधा अशाच एका फोन नंबरने नेते. तो नंबर मिळाला की त्या दिवशीच फोन करा आणि कुणी दिला ते आधी सांगा.